सातपुड्यातील वणव्यांचा अभ्यास कोण करणार?

हिवाळा सरता सरता सातपुड्यातील साग, तेंदू, धावडा आणि सालई यांची पाने गळून पडतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नागपूरचे वनभवन, परतवाडा, गोंदिया, गडचिरोली अशा सर्व ठिकाणी वणव्यांच्या सूचना येत राहतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या उष्ण बिंदूंचे संदेश थेट बीटच्या वनरक्षकापर्यंत पोहोचवते. हंगाम संपला की या बिंदूंची बेरीज होते, ती वर्तमानपत्रांत येते आणि आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी असेल तर यश, जास्त असेल तर अपयश असा निष्कर्ष काढला जातो. महाराष्ट्रात वणवे मोजले जातात, विझवले जातात, त्यांबद्दल गुन्हेही नोंदवले जातात. परंतु कोणत्या उतारावर, किती वर्षांच्या अंतराने, कोणत्या हवामानात आग लागली आणि तिच्यामागे जंगलात काय उरले, याचा धोरणाला आधार देऊ शकेल असा सलग अभ्यास मला दिसत नाही. वनखात्याचे राज्य मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या नागपूरने ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी घ्यावी, असे माझे म्हणणे आहे.

असा अभ्यास म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या वृक्षवलय प्रयोगशाळेकडे वळावे लागते. ॲन्ड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने १९३७ साली ती स्थापन केली. सूर्यावरील डागांचे चक्र झाडांच्या वार्षिक वलयांत उमटते का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता आणि त्यातून वलयांवरून वर्ष ठरवण्याचे एक काटेकोर शास्त्र उभे राहिले. याच प्रयोगशाळेचे पुढे संचालक झालेले टॉमस स्वेटनम यांनी हे शास्त्र डोंगराळ जंगलांतील आगीकडे वळवले. जमिनीलगतची आग बुंध्याला चाटून जाते तेव्हा सालीखालचा जिवंत थर एका बाजूने मरतो, पण झाड जगते आणि पुढच्या वर्षांची वलये त्या जखमेवर कडेने वळत येतात. जखम कोणत्या वलयात आहे हे पाहिले की आगीचे वर्ष कळते, आणि वलयाच्या आत ती नेमकी कुठे आहे यावरून ऋतूही कळतो. एका झाडावर अशा अनेक जखमा असतात. डोंगररांगांमधील शेकडो झाडांच्या नोंदी एकमेकींशी जुळवल्या की कोणत्या वर्षी आग एका टेकडीपुरती राहिली आणि कोणत्या वर्षी सारा प्रदेश पेटला, हे लिखित इतिहास नसतानाही सांगता येते.

या नोंदींतून निघालेले निष्कर्ष आपल्याकडच्या चर्चेसाठी फार मोलाचे आहेत. १९९० साली स्वेटनम आणि हुलिओ बेटनकोर्ट यांनी दाखवले की अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोठ्या आगींची वर्षे प्रशांत महासागरातील एल निनो आणि ला निना यांच्या चढउताराशी जोडलेली आहेत. १९९३ साली कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतावरच्या महाकाय सेक्वोया वृक्षांवरून त्यांनी जवळजवळ दोन हजार वर्षांचा अग्नि-इतिहास मांडला. त्यात असे आढळले की साधारण इसवी सन १००० ते १३०० या उष्ण काळात आगी वारंवार लागत आणि लहान राहत. त्याआधीच्या आणि नंतरच्या थंड काळात त्या क्वचित लागत, पण दूरवर पसरत. पॉन्डेरोसा पाइनच्या डोंगरांवर तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत काही वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची सौम्य आग फिरत असे. मेंढ्यांच्या कळपांनी गवत संपवले आणि पाठोपाठ सरकारने आग विझवण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा हा क्रम तुटला. १९१० साली आयडाहो आणि मोन्टाना येथे सुमारे तीस लाख एकर जंगल जळाल्याचा धक्का त्या देशाच्या वनसेवेने इतका मनावर घेतला की १९३५ पासून दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणण्याचा नियमच झाला. अनेक दशके हे धोरण यशस्वी दिसले. मधल्या काळात दाट रोपटी, वाळलेल्या फांद्या आणि पाइनच्या सुयांचे थर साचत गेले, आणि २०११ मध्ये न्यू मेक्सिकोच्या हेमेझ पर्वतावर लास कॉन्चासची आग लागली तेव्हा दीड लाखांहून अधिक एकर प्रदेश जळाला. तिथले जंगल जमिनीलगतच्या आगीला सरावलेले होते. शेंड्यापर्यंत चढणाऱ्या आगीत टिकण्याची ताकद त्याच्यात नव्हती.

हवामानाचा धागा २००६ साली अधिक स्पष्ट झाला. अँथनी वेस्टरलिंग, स्वेटनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पश्चिम अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर मोठ्या वणव्यांची संख्या आधीच्या काळाच्या जवळजवळ चौपट झाली आणि आगीचा हंगाम सरासरी ७८ दिवसांनी लांबला. ही वाढ मध्यम उंचीच्या पर्वतीय जंगलांत सर्वांत ठळक होती, कारण वसंत ऋतू तापू लागल्याने तिथले हिम लवकर वितळते आणि रान अधिक काळ कोरडे राहते. पुढे २०१६ मध्ये जॉन अबात्झोग्लू आणि पार्क विल्यम्स यांनी अंदाज मांडला की १९८४ ते २०१५ या काळात मानवनिर्मित तापमानवाढीमुळे तिथले सुमारे ४२ लाख हेक्टर अधिकचे जंगल जळाले.

हे सारे वाचून काही अभ्यासू मंडळी लगेच म्हणतात की आग ही निसर्गाची गरज आहे, ती विझवूच नये. हा निष्कर्ष मला मान्य नाही. सातपुड्यात हिम नाही आणि पाइनही नाहीत. आपल्या कोरड्या पानझडी जंगलात एका वर्षाचा पाचोळाच आग पसरवायला पुरेसा असतो. तो उरला तर त्याचा बराचसा भाग पावसाळ्यात वाळवी, बुरशी आणि जिवाणू फस्त करतात, त्यामुळे शतकभराचे इंधन साचत राहण्याचा अमेरिकेतील प्रश्न इथे त्याच रूपात उद्भवत नाही. शिवाय इथल्या जवळजवळ सर्व आगी माणसाने लावलेल्या किंवा माणसाच्या हातून लागलेल्या असतात. म्हणून तिथले निष्कर्ष उचलून आणण्यात अर्थ नाही. उचलण्यासारखी आहे ती पद्धत: आगीचा इतिहास झाडांकडून वाचणे, डोंगराचे हवामान डोंगरावर मोजणे आणि जळालेल्या व न जळालेल्या तुकड्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवणे.

डोंगराचे हवामान डोंगरावरच मोजले पाहिजे, या मुद्द्यावर मी अडून बसेन. नागपूरचे विक्रमी तापमान, २३ मे २०१३ रोजीचे ४७.९ अंश सेल्सियस, आपल्या सर्वांच्या लक्षात आहे आणि नवतपाची चर्चा घरोघरी होते. परंतु मैदानावरचा पारा मेळघाटातल्या आगीबद्दल फारच थोडे सांगतो. गाविलगडची मुख्य रांग दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे उभी उतरते, तर उत्तरेला सिपना, गडगा, खापरा, डोलार या नद्यांच्या दऱ्यांतून तापीकडे पसरत जाते. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार दिवसभर ऊन खातो आणि आधी वाळतो. उत्तरेकडच्या उताराच्या घळीत ओल टिकून असते. दिवसा तापलेली हवा दरीतून वर चढते, रात्री थंड हवा खाली उतरते, आणि आग या दोन्ही वाऱ्यांच्या तालावर चालते. उताराचा कोन दर दहा अंशांनी वाढला की चढणीवर आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ ॲलन मॅकआर्थर यांचा ठोकताळा आहे. सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे चिखलदरा आणि पायथ्याचे परतवाडा यांच्यासाठी आगीचा धोका एकाच आकड्यात सांगणे म्हणूनच फसवे ठरते.

तापमानापेक्षाही महत्त्वाची आहे ती हवेतील बाष्पाची तूट. हवेत मावू शकणारे बाष्प आणि प्रत्यक्षात असलेले बाष्प यांतील हे अंतर जितके मोठे, तितका पाचोळा लवकर सुकतो. ४० अंश सेल्सियसला संपृक्त हवेतील बाष्पदाब सुमारे ७४ हेक्टोपास्कल असतो, ४५ अंशांना तो सुमारे ९६ होतो. म्हणजे सापेक्ष आर्द्रता तीच राहिली तरी पाच अंशांच्या वाढीने हवेची तहान जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते. रात्रीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. जेनिफर बाल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जगभरच्या उपग्रह-नोंदींवरून दाखवले की रात्री अधिक उष्ण व कोरड्या होत चालल्याने पूर्वी रात्री मंदावणारी आग आता तशी मंदावत नाही. मेळघाटात किंवा नागझिऱ्यात आग विझवणारी माणसे रात्रीच्या गारव्यावर आणि पहाटेच्या दवावर भरवसा ठेवून कामाला लागतात. तो भरवसा सातपुड्यात अजून कितपत टिकून आहे, हे सांगण्यासाठी उतारांवर बारा महिने चालणारी हवामान-केंद्रे लागतील.

आता उपग्रहांच्या आकड्यांविषयी. ही यंत्रणा उपयोगी आहे आणि तिच्यामुळे आगीपर्यंत पोहोचण्याचा वेळ नक्कीच वाचतो. पण तिच्यातील सूक्ष्म संवेदकाचा एक बिंदूही सुमारे ३७५ मीटरचा असतो. एकच मोठी आग अनेक बिंदूंत मोजली जाऊ शकते, दाट छत्राखालची किंवा दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत विझलेली आग निसटते, आणि जंगलाच्या कडेला शेतकऱ्याने पेटवलेला धुरा (शेताचा बांध) किंवा आग अडवण्यासाठी वनखात्याने स्वतः आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, म्हणजे जाळरेषाही, उष्ण बिंदू म्हणून उमटू शकते. जानेवारीत पाचोळ्यावरून सरकून गेलेली गुडघाभर उंचीची आग आणि एप्रिलच्या अखेरीस नवी पालवी व रोपे करपवून गेलेली आग बेरजेत सारखीच धरली जाते. जंगलाच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हा फरक आपल्याच भूमीवर पूर्वी ओळखला गेला होता, हे विसरता येत नाही. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि त्याच दशकात वनाधिकारी कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातील बोरीच्या सागवनात आग रोखण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखवला. देशभरच्या अग्निसंरक्षणाला त्याचा दाखला मिळाला. मात्र पुढच्या काही दशकांत ब्रह्मदेशातील ओलसर सागवनांत काम करणाऱ्या वनाधिकाऱ्यांच्या लक्षात आले की आग पूर्ण बंद केली की बांबू आणि सावलीत वाढणारी झुडपे माजतात आणि सागाची नवी रोपे वर येत नाहीत. बंगाल-आसामच्या सालवनांतही तसाच अनुभव आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ब्रिटिश सरकारच्या वनखात्यानेच काही जंगलांत अग्निसंरक्षण सैल केले आणि हंगामाच्या आरंभी नियंत्रित जाळणी स्वीकारली. एकच नियम सर्व जंगलांना लावता येत नाही हे त्यांना अनुभवाने कळले होते. स्वातंत्र्यानंतर हा वाद पुढे जायला हवा होता. उलट तो विस्मरणात गेला आणि शून्य आगीचे ध्येय उरले.

दक्षिणेत हा धागा काही संशोधकांनी पुन्हा हाती घेतला आहे. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाई येथे रामन सुकुमार आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून ५० हेक्टरांच्या एका तुकड्यातील प्रत्येक झाडावर क्रमांक घालून त्याची नोंद ठेवली आहे. तिथल्या आगींत मोठी झाडे बहुतांशी तगतात आणि बारीक खोडांचे नुकसान मोठे होते, हे दीर्घ नोंदींतूनच सिद्ध झाले. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरांवर सोलिगा आदिवासी वर्षाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत असत. ती बंद झाल्यावर घाणेरीचे (लँटानाचे) रान माजले आणि आवळ्यावर बांडगुळे वाढली, असे त्यांचे म्हणणे होते. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी आग आणि घाणेरी यांच्या परस्परसंबंधाची चर्चा करताना हा अनुभव गांभीर्याने घेतला. घाणेरी आपल्या पेंचमध्येही आहे आणि मेळघाटातही आहे. आगीने ती वाढते की आग थांबल्याने वाढते, की आगीच्या वेळेवर हे अवलंबून आहे, याचे उत्तर बिळिगिरीरंगनवरून आपल्यासाठी मिळणार नाही.

विदर्भात आग कोण लावतो, हा प्रश्न विचारला की बोट लगेच आदिवासी गावांकडे दाखवले जाते. मोहफुले वेचताना ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालची जागा जाळली जाते. तेंदूला कोवळी, रुंद पाने यावीत म्हणून रान पेटवले जाते आणि त्यामागे गावापेक्षा ठेकेदाराची घाई अनेकदा जास्त असते. गुरांना नवे गवत मिळावे हेही एक कारण आहे. ही कारणे उघड आहेत आणि त्यांवर उपायही उघड आहेत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला आणि जंगलात हक्क असणाऱ्यांवर आगीची खबर देण्याचे व ती विझवायला मदत करण्याचे बंधनही घातले. पण ज्याच्यावर पहिला संशय येणार आहे, तो माणूस खबर द्यायला पुढे येत नाही. याउलट चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण पाहावे. २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच थांबवले, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि आग यांनी जंगलाची हानी होते असे गावाचे मत होते; उत्पन्नासाठी गावाने बांबूवर भर दिला. हक्क हाती आल्यावर गावाने केलेला हा हिशेब कोणत्याही दंडापेक्षा अधिक परिणामकारक आहे, असे मला वाटते. दरवर्षी आग कुठून सुरू होते आणि कुठल्या नाल्याला थांबते, हे अशा गावांतील माणसांना तोंडपाठ असते. शास्त्रीय अभ्यासात त्यांचे स्थान मजुराचे नसून सहकाऱ्याचे असले पाहिजे.

अज्ञानाची किंमत माणसेच देतात. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मरण पावले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आगीशी झुंजणारे चार जण जागीच गेले. पाठीवर पाचोळा उडवणारा ब्लोअर किंवा हातात हिरव्या फांद्या घेऊन उतारावर चढणाऱ्या माणसाला वारा केव्हा फिरेल, आग कोणत्या घळीतून वर येईल, परत फिरण्याची वाट कोणती, हे सांगणारी कोणतीही व्यवस्था आपण उभी केलेली नाही. ज्या दिवशी उतारावरच्या बाष्पाची तूट ठरावीक मर्यादेच्या पुढे जाते, त्या दिवशी माणसांना थेट आगीसमोर न पाठवता मागच्या जाळरेषेवर थांबवायचे, एवढा साधा निर्णय घेण्यासाठीसुद्धा मोजमाप लागते.

नियंत्रित जाळणीच्या नावाखाली आग लावण्याचा परवाना मिळेल, ही शंका रास्त आहे. मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोत उद्यान-प्रशासनाने मुद्दाम लावलेली सेरो ग्रान्दे येथील आग हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोस शहरातील शेकडो कुटुंबांची घरे जळाली. म्हणून आज लगेच मेळघाटात मोठ्या प्रमाणावर जाळणी सुरू करावी, असे मी म्हणत नाही. जाळणी आधी लहान, आखलेल्या प्रायोगिक तुकड्यांतच व्हावी: काही तुकडे हंगामाच्या आरंभी जाळलेले, काही पूर्ण राखलेले, काही आपोआप जळले तर तसेच नोंदवलेले, आणि किमान वीस वर्षे त्यांतील रोपे, गवत, घाणेरी, कीटक, पक्षी व माती यांची मोजणी. आधी आग विझवा, अभ्यास नंतर करा, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की आग विझवण्याचे काम दीडशे वर्षे चालूच आहे. अभ्यासासाठी ते थांबवावे लागत नाही.

यासाठी लागणारे ज्ञान नागपुरात विखुरलेले आहे. वनभवन इथे आहे, वनविकास महामंडळाचे मुख्यालय इथे आहे, प्रादेशिक हवामान केंद्र, इस्रोचे प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी), या सर्व संस्था एकमेकींपासून काही मैलांच्या आत आहेत. नागपूर ज्या पेंचचे पाणी पिते, ती नदी सातपुड्यातून येते. पावसाळ्याच्या तोंडावर पाचोळा जळून उघडा पडलेला उतार पहिल्या सरींत किती माती धरणाकडे पाठवतो, हा या शहराच्या स्वतःच्या हिताचा प्रश्न आहे आणि तो सोडवणारे मृदाशास्त्रज्ञ अमरावती रोडवर बसतात. या सर्व संस्थांना एका प्रकल्पात बांधणारा शासन-निर्णय काढणे फार अवघड असू नये.

इतिहास वाचण्याचे साधनही हाताशी आहे. सागाला स्पष्ट वार्षिक वलये येतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मान्सूनच्या अभ्यासासाठी ती अनेक दशके वापरली आहेत. सागाच्या बुंध्यावरील आगीच्या खुणा पाइनइतक्या नीट वाचता येतील का, हे तपासूनच कळेल, कारण साग पोकळ पडतो, कुजतो आणि लहान रोप जळून पुन्हा मुळापासून फुटते. पण तपासण्यासाठी एकही झाड तोडावे लागणार नाही. परतवाडा, आलापल्ली आणि बल्लारशाच्या सरकारी लाकूड डेपोंत दरवर्षी जुन्या सागाचे ओंडके येतात. बुंध्याकडची जळकी बाजू असलेल्या ओंडक्यांच्या चकत्या लिलावापूर्वी कापून, त्या जंगलाच्या कोणत्या कंपार्टमेंटमधून (क्रमांक दिलेल्या वनखंडातून) आल्या हे लिहून ठेवावे. त्यांच्यासोबत जुन्या कार्य आयोजनांमधील (वनखात्याच्या व्यवस्थापन-आराखड्यांमधील) आगीच्या नोंदी आणि वनपरिक्षेत्र कार्यालयांतील आगीची रजिस्टरे ठेवावीत. लिलाव झाल्यावर तो ओंडका आरागिरणीत जातो, म्हणून ही सूचना डेपोंना येत्या लिलावाच्या आतच गेली पाहिजे.